मशीनने गैरहजर दाखवलं आणि पगार कापला: पैसे परत कसे मिळवायचे

पगार जमा झाला, स्लिप उघडली आणि दोन दिवस 'एलओपी' (बिनपगारी) दिसले. एचआरला विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: "सिस्टममध्ये तुमचा पंचच नाही." पंच म्हणजे हजेरीच्या मशीनवरची नोंद. चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, या वाक्यावर बहुतेक लोक गप्प बसतात. पण कायद्याने पगार केलेल्या कामाचा द्यायचा असतो. हजेरीची मशीन म्हणजे ते काम नोंदवण्याची मालकाची एक सोय. सोय बिघडली तर नोंद दुरुस्त करायची असते, पगार कापायचा नसतो.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातली तीन कलमं या विषयात रोज कामाला येतात. कलम २० म्हणतं की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. कलम ५० नुसार नोंदवही ठेवणं आणि पगाराची स्लिप देणं हे मालकाचं काम आहे. आणि कलम ५९ सगळ्यात महत्त्वाचं: पगार कमी दिला किंवा बेकायदा कपात केली असा दावा दाखल झाला, तर देणं पूर्ण चुकतं केलं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. याचा अर्थ तुम्ही हात बांधून बसायचं असा मात्र नाही. त्या दिवशी तुम्ही कामावर होतात हे दाखवणारं काहीतरी तुमच्या हातात असावंच लागतं, नाहीतर वाद 'मी होतो', 'तुम्ही नव्हता' इथेच अडकतो.

जुन्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती. संहितेत ती नाही. त्यामुळे सुपरवायझर, ऑफिसातला अकाउंटंट किंवा हिंजवडीतला इंजिनिअरही याच कलमांवर पगार मागू शकतो. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेले अप्रेंटिस तेवढे यात येत नाहीत.

आधी चूक नेमकी कुठे झाली ते शोधा

'हजेरी चुकली' एवढंच सांगितलं तर एचआर तुम्हाला टाइम ऑफिसकडे पाठवेल, टाइम ऑफिस सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर परत एचआरकडे. चूक कोणत्या प्रकारची आहे ते सांगितलं की फाइल हलते. म्हणून आधी आपला महिन्याचा पंच रिपोर्ट मागा. गोषवारा नको, तारखेनुसार प्रत्येक पंचची वेळ दाखवणारा कच्चा रिपोर्ट हवा.

सगळ्यात जास्त पैसे नाइट शिफ्टमध्ये जातात. तुम्ही १४ तारखेला रात्री १०:५२ ला आत पंच केला आणि १५ तारखेला सकाळी ७:०४ ला बाहेर. सॉफ्टवेअरमध्ये तुमची शिफ्ट 'जनरल' लावलेली असेल, तर त्याच्या लेखी दिवस मध्यरात्री संपतो. मग १४ तारखेला फक्त 'इन' दिसतो, 'आउट' नाही, म्हणून 'मिसपंच'. सकाळचा ७:०४ हा १५ तारखेचा 'इन' धरला जातो आणि त्याच रात्री १०:५० ला पुन्हा आत शिरताना केलेला पंच 'आउट' होतो. रिपोर्टमध्ये १५ तारखेला सलग १५ तास ४६ मिनिटं काम दिसतं, १४ तारखेला शून्य. असे आकडे दिसले की समजा, बोट तुमचं नाही चुकलं, शिफ्ट रोस्टर अपडेट झालेलं नाही. मागणी करायची ती रोस्टर बदलून हजेरी पुन्हा प्रोसेस करण्याची. एकेक दिवस हाताने दुरुस्त करून घेतलात तर पुढच्या आठवड्यात तीच रड.

दुसरा प्रकार बोटांचा. फाउंड्री, सिमेंट, कूलंट, केमिकल यात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेतच नाही. अशा कामगाराने एकाऐवजी तीन-चार बोटं नोंदवून घ्यावीत आणि कार्ड किंवा चेहऱ्याच्या मशीनचा पर्याय लेखी मागावा. मशीनने 'थँक्यू' म्हटलं नाही तर पुढे जाऊ नका. तिथेच गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि सही करा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. मशीनचं घड्याळ पुढे-मागे असणं. वीज गेल्यावर मशीनमधला डेटा सर्व्हरवर न पोहोचणं (हे ओळखायला सोपं, कारण एकाच तारखेला त्या गेटच्या सगळ्यांचीच हजेरी गळते). दोन मिनिटांत दोनदा पंच झाल्याने दुसरा 'आउट' धरला जाणं. मंजूर रजा किंवा सी-ऑफ (जादा कामाच्या बदल्यात मिळालेली सुट्टी) सिस्टममध्ये न चढवणं. आणि कंत्राटदाराच्या मस्टरवर एक, कंपनीच्या गेटवर दुसरंच, अशी दोन हजेरीपत्रकं असणं. शेवटच्या प्रकारात चूक कंत्राटदाराच्याच फायद्याची का ठरते, हे ज्याने त्याने समजून घ्यावं.

एक प्रकार चूक म्हणून दिसतच नाही. शिफ्ट संपल्यावर पुढच्या शिफ्टला चार्ज द्यायला रोज २० मिनिटं थांबावं लागतं आणि सॉफ्टवेअर ३० मिनिटांखालचा वेळ सोडून देतं. महिन्याच्या २६ दिवसांत ही ५२० मिनिटं होतात, म्हणजे ८ तास ४० मिनिटं.

किती पैसे अडकलेत ते स्वतः काढा

समजा वेतन १८,००० रुपये, महिन्यात कामाचे दिवस २६, रोजचे ८ तास. एका दिवसाचे ६९२.३१ रुपये, एका तासाचे ८६.५४. नाइट शिफ्टचे दोन दिवस उडाले तर १,३८४.६२ रुपये. ओव्हरटाइमचा दर कलम १४ प्रमाणे नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट, म्हणजे तासाला १७३.०८. वरची ८ तास ४० मिनिटं या दराने बरोबर १,५०० रुपये होतात. रोजची २० मिनिटं किरकोळ वाटतात, ती महिन्याच्या आकड्यात बघा.

कंपनी भागाकार कितीने करते ते पाहा. कलम २० चं प्रमाण त्या पगार-काळात तुम्ही जेवढा वेळ काम करणं अपेक्षित होतं त्याच्याशी बांधलेलं आहे. काही ठिकाणी कपात करताना पगार २६ ने भागतात आणि ओव्हरटाइम देताना ३० ने. एकच पगार, दोन भाजक आणि दोन्ही वेळा नुकसान कामगाराचं. ही विसंगती कागदावर मांडली की हिशेब करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

ओव्हरटाइम फक्त बेसिकवर काढला असेल तर भत्तेही तपासा. संहितेच्या व्याख्येत बेसिक आणि महागाई भत्ता वेतनात येतात. व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो. बेसिक ७,००० आणि बाकी सगळं 'स्पेशल अलाउन्स' अशी स्लिप असेल, तर तासाचा दर वर जातो.

तीन लेट मार्कला अर्धा दिवस

हा नियम इतका सर्रास चालतो की कामगारांनाही तो कायदाच वाटतो. तिन्ही दिवस दहा-दहा मिनिटं उशीर झाला असेल तर एकूण गैरहजेरी ३० मिनिटं. वरच्या पगारात तिची किंमत ४३.२७ रुपये. अर्ध्या दिवसाचे ३४६.१५ कापले तर ३०२.८८ रुपये गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर गेले. या जास्तीच्या रकमेला कंपनी काहीही नाव देवो, ती दंडाच्या जातीची आहे आणि दंडाला कलम १९ लागतं. कोणत्या चुकीला दंड होईल याची मंजूर यादी नोटीस बोर्डावर हवी. दंडाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. महिन्याचा एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे इथे ५४० रुपये. दंड हप्त्यांनी किंवा ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. सॉफ्टवेअरने आपोआप कापलेल्या अर्ध्या दिवसात यातलं काहीच झालेलं नसतं.

उशीर गेटवरच्या रांगेमुळे होत असेल तर तेही नोंदवा. एकाच मशीनवर दीडशे माणसं पंच करणार असतील, तर शेवटच्याला लेट मार्क लागणारच. तो त्याच्यामुळे लागलेला नसतो. गेटमध्ये शिरल्याची वेळ आणि पंचची वेळ यातलं अंतर चार-पाच दिवस लिहून ठेवलंत की पुरे.

रोजंदारीवरच्यांसाठी आणखी एक. माल आला नाही किंवा लाइन बंद म्हणून दुपारी घरी पाठवलं आणि मस्टरवर अर्धा दिवस लावला, तर कलम १० बघा. दिवसाच्या किमान दरावर असलेल्या कामगाराला मालकाने काम दिलं नाही म्हणून कमी तास भरले, तर पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. स्वतःहून काम टाळलं असेल तर मिळत नाही.

पुरावा रोजच्या रोज

खिशातल्या छोट्या डायरीत रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, शिफ्ट, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, कोणती मशीन किंवा लाइन चालवली. महिन्याच्या शेवटी बसून सगळी पानं एकदम भरू नका. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली डायरी बघणाऱ्याला लगेच कळते.

डायरीला जोड हवी कंपनीच्याच कागदांची. प्रॉडक्शन शीट किंवा जॉब कार्डवरची सही, शिफ्ट चार्जचं रजिस्टर, गेट पास, कँटीनचं कूपन, कंपनीच्या बसची नोंद, सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला 'आज थांब, ओटी आहे' हा मेसेज. ऑफिसवाल्यांना लॉगिनची वेळ आणि पाठवलेले ईमेल पुरतात. शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी असेल तर चोरून फोटो काढू नका. पगाराचं राहील बाजूला आणि शिस्तभंगाची नोटीस हातात येईल. रजिस्टरचा उल्लेख तारखेसह अर्जात केला की ते सादर करायला कंपनीला सांगता येतं.

अर्ज

तोंडी सांगणं पहिल्या दिवशी ठीक. पोर्टलवर 'रेग्युलरायझेशन'ची (हजेरी दुरुस्तीची) सोय असेल तर तिथे विनंती टाका आणि स्क्रीनशॉट ठेवा, कारण नाकारलेली विनंती काही पोर्टलवर नंतर दिसत नाही. त्यापुढे मात्र कागदच. मजकूर साधारण असा:

"प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विषय: हजेरीतील चुकीमुळे कापलेले वेतन मिळणेबाबत. मी आपल्याकडे मशीन शॉप विभागात (टोकन क्रमांक …) काम करतो. दि. १४ व दि. १८ रोजी मी तिसऱ्या शिफ्टमध्ये हजर होतो. या दोन्ही दिवसांच्या प्रॉडक्शन शीटवर व शिफ्ट चार्ज रजिस्टरमध्ये माझी सही आहे. हजेरी प्रणालीत माझी शिफ्ट 'जनरल' नोंदलेली असल्याने हे दिवस गैरहजर दाखवले गेले व वेतनातून १,३८४.६२ रुपये कापले गेले. कृपया शिफ्टची नोंद दुरुस्त करावी, वरील रक्कम सात दिवसांत द्यावी आणि या महिन्याचा माझा पंच रिपोर्ट मला द्यावा. सोबत: वेतन स्लिपची प्रत, डायरीतील नोंदींची प्रत."

रागाचं एकही वाक्य नको. दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच म्हणून ठेवा. पोच देत नसतील तर कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पावती अर्जाच्या मागे डकवा आणि तोच अर्ज ईमेलवरही टाका.

"कट-ऑफ २५ तारखेला संपला, आता पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर मिळेल. कट-ऑफ ही पेरोलवाल्यांची अंतर्गत सोय आहे. कलम १७ प्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यायचा असतो आणि तिथे कट-ऑफचा शब्दही नाही. तरीही व्यवहार म्हणून पुढच्या पगारात रक्कम घ्यायला हरकत नाही. अट एकच: ती देण्याचं लेखी कबूल करून घ्या आणि स्लिपवर 'एरियर' (थकबाकी) म्हणून वेगळी ओळ मागा. पगारात नुसती मिसळून आलेली रक्कम नंतर 'ते तर इन्सेंटिव्ह होतं' म्हणून ऐकायला मिळते.

व्हाउचरवर सही मागितली आणि रक्कम कमी असेल तर पैसे सोडू नका. सहीच्या वर 'रक्कम मान्य नाही, हरकत कायम ठेवून स्वीकारली' असं लिहा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. 'माझं काही येणं नाही' असं आधीच लिहून घेतलं असेल तरी धीर सोडू नका: कायद्याने मिळणाऱ्या रकमेचा हक्क सोडून देणारा करार कलम ६० प्रमाणे रद्दबातल असतो.

पगाराबरोबर आणखी काय जातं

स्लिपवर रक्कम छोटी दिसते म्हणून लोक सोडून देतात, पण गळलेला दिवस बऱ्याच ठिकाणी मोजला जातो. पीएफच्या चलनात तो बिनअंशदानाच्या दिवसांत, म्हणजे 'एनसीपी'त जातो. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) आजारपणाचा लाभ हवा असेल तर एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत ७८ दिवसांचं अंशदान लागतं. कामगार ७७ वर अडकला तर एका मिसपंचची किंमत पुढच्या आजारपणात कळते. ग्रॅच्युइटीसाठी वर्षात २४० दिवस मोजतात (पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९०), आणि भरपगारी वार्षिक रजेसाठी नव्या संहितेत १८०. म्हणून पैसे मिळाले तरी हजेरीची नोंद दुरुस्त झाली का, हे वेगळं विचारा. रक्कम 'सद्भावना' म्हणून देऊन दिवस गैरहजरच ठेवला, तर काम अर्धंच झालं.

कंपनी ऐकत नसेल तर

पहिल्या अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक स्मरणपत्र आणि मग कामगार कार्यालय. महाराष्ट्रात तुमच्या भागाच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जायचं. राज्याचं मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. गोव्यात राज्याच्या कामगार आयुक्तांकडे. रेल्वे, खाणी, मोठी बंदरं, विमानसेवा, टेलिकॉम, बँका, विमा आणि केंद्राच्या कंपन्या यांचा विषय मात्र केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंत्राटदारांसकट. एटीएमवरचा रखवालदार राज्याच्या कार्यालयात तासभर रांगेत उभा राहून परत पाठवला जातो तो यामुळेच.

जाताना नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, तीन महिन्यांच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पंच रिपोर्ट मिळाला असेल तर तो, अर्जांच्या पोच आणि रकमेचा तक्ता घ्या. तक्त्यात तारीख, शिफ्ट, देय रक्कम, मिळालेली रक्कम आणि फरक एवढे पाच रकाने पुरेत. अधिकारी आधी तक्ताच बघतो, बाकीचं नंतर.

पहिल्या टप्प्यात कंपनीला बोलावून चर्चा होते आणि हजेरीच्या चुकीची बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण रक्कम कंपनीच्या दृष्टीने छोटी असते आणि नोंदवह्या तपासायला कोणी येऊ नये असं तिला वाटत असतं. मिटलं नाही तर कलम ४५ खाली दावा. अर्जाचा नमुना कार्यालयातच मागून घ्या. दावा कर्मचारी स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक यांपैकी कोणीही करू शकतं आणि एकाच अर्जात एका आस्थापनेतले कितीही कर्मचारी येऊ शकतात. एकट्याने पुढे जायची धास्ती वाटत असेल तर हा रस्ता घ्या. त्या रात्रीच्या शिफ्टला तुमच्यासारखे आणखी वीस जण गळलेले असतातच.

मुदत तीन वर्षांची आहे; पुरेसं कारण दाखवलं तर त्यानंतरचाही दावा घेता येतो. संहिता लागू होण्याआधीच्या महिन्यांची थकबाकी असेल तर जास्त घाई करा, कारण जुन्या वेतन प्रदान कायद्यात मुदत बारा महिन्यांचीच होती. दाव्याचा निकाल देणारा प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे, दर नाही. साध्या चुकीत, कंपनीने लगेच दुरुस्ती केली असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. निकाल तीन महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कमी पगार दिल्याबद्दल मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो.

कंत्राटी कामगारांनी अर्जात कंत्राटदार आणि ज्याच्या आवारात काम करतो ती कंपनी, दोघांचीही नावं घालावीत. कंत्राटदाराने पगार कमी दिला तर उरलेली रक्कम मूळ मालकाने, म्हणजे त्या कंपनीने द्यायची आणि कंत्राटदाराकडून वसूल करायची. कंत्राट संपून कंत्राटदार गायब झाला तर हीच तरतूद पैसे मिळवून देते.

उलटी चूक झाली तर

मशीनने जास्त हजेरी धरून पगार जास्त दिला असेल तर तो कापून घेण्याचा अधिकार मालकाला आहे. पण कोणत्या तारखांचे, किती तासांचे, कोणत्या दराने, हा हिशेब आधी मागा. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. रक्कम मोठी असेल तर दोन-तीन हप्ते लेखी मागून घ्या.

नोकरी सोडताना ही सगळी भांडणं एकदम वर येतात. राजीनामा असो की कामावरून काढणं, उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, '४५ दिवसांनी फुल अँड फायनल' (शेवटचा हिशेब) हा कंपनीचा रिवाज आहे. राजीनामा देण्याआधीच वर्षभराचे पंच रिपोर्ट आणि स्लिपा डाउनलोड करून ठेवा. शेवटच्या दिवशी दुपारीच लॉगिन बंद होतं.